जोड्या पाठ आहेत, तरी मेलमध्ये चूक का होते?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही सेलूच्या, सध्या वाळूजला एका कंपनीत परचेसमध्ये काम करता, सोबत तलाठी भरतीचा अभ्यास चालू आहे. इंग्रजीतल्या सारख्या वाटणाऱ्या शब्दांच्या दोनशे जोड्यांची पीडीएफ तुम्ही पूर्ण पाठ केली आणि तरी सप्लायरला पाठवलेल्या मेलमध्ये साहेबांनी तीन शब्दांना गोल केले. मेल असा: "वुई आर वेटिंग फॉर द मटेरियल सिन्स टेन डेज. काइंडली सेंड इट टिल फ्रायडे, अदरवाइज इट विल इफेक्ट अवर प्रॉडक्शन." तिन्ही जोड्या पाठ होत्या, पण लिहिताना काहीच आठवत नाही, म्हणून पाठ करायची एखादी पक्की ट्रिक सांगा, असं तुमचं म्हणणं.

मी लातूरला बरीच वर्षं इंग्रजी शिकवायलोय, सकाळी बारावीची पोरं आणि संध्याकाळी नोकरीवाले, आणि संध्याकाळच्या बॅचला हा प्रश्न येतोच येतो. माझं स्पष्ट मत आहे की तुमचा प्रॉब्लेम पाठांतराचा नाहीच. पाठ तर तुमचं झालेलंच आहे की. अडचण ही आहे की प्रत्येक जोडीत गोंधळ व्हायचं कारण वेगळं असतं आणि पीडीएफमध्ये मात्र सगळ्या जोड्या एकाच रांगेत, शब्द-अर्थ, शब्द-अर्थ अशा मांडलेल्या असतात. कुठं मराठीत एकच शब्द आहे आणि इंग्रजीत दोन, कुठं आपल्या तोंडी उच्चारच सारखा झालाय, कुठं खुद्द इंग्रजांमध्येच वाद आहे. या सगळ्यांवर एकच औषध चालत नाही. आपली चूक कुठून यायलीय ते आधी बघायचं, मग उपाय आपोआप सुचतो.

तुमच्याच मेलवरून सांगतो, कारण त्यात दोन मोठी कारणं एकदम सापडतात.

पहिलं, सिन्स टेन डेज. मराठीत आपण म्हणतो सोमवारपासून वाट बघायलोत आणि दहा दिवसांपासून वाट बघायलोत, दोन्हीकडं 'पासून'. इंग्रजीत सोमवार हा काळातला एक ठरावीक क्षण, तिथं सिन्स, आणि दहा दिवस हा मोजलेला काळ, तिथं फॉर. हा नियम तुम्हाला पाठ असणारच, पण मेल लिहिताना नियम आठवत नसतो, मनात मराठी वाक्य चालू असतं. म्हणून चाचणी मराठीतच घ्यायची. वाक्यात 'पासून' काढून 'झाले' घालून बघा. "दहा दिवस झाले वाट बघायलोत" एकदम बरोबर, आपण घरी असंच बोलतो. "सोमवार झाला वाट बघायलोत" असं कुणी म्हणतं का? नाही. मग 'झाले' जिथं बसतं तिथं फॉर आणि जिथं 'पासून'च लागतं तिथं सिन्स. दोन वर्षं झाली, फॉर. 2019 पासून, सिन्स. लई दिवस झाले, फॉर. लग्न झाल्यापासून, सिन्स.

सोबत एक गोष्ट आहे जी जोड्यांच्या यादीत कधीच नसते. आपण 'वाट बघायलोत' म्हणजे चालू काळ बोलतो म्हणून इंग्रजीतही वुई आर वेटिंग येतं. पण आधी सुरू होऊन आत्तापर्यंत चालू आहे असं सांगायचं असेल तर इंग्रजीला हॅव बीन लागतं. तुमचं वाक्य बरोबर होतं ते असं: "वुई हॅव बीन वेटिंग फॉर द मटेरियल फॉर टेन डेज." यात दोन फॉर आले म्हणून कसंतरी वाटतं, आणि माझा अंदाज आहे की तुमचा हात सिन्सकडं वळला त्यात याचाही वाटा असेल, कारण एक फॉर आधीच होऊन गेला होता. पण पहिला फॉर वेटचा आहे, दुसरा काळाचा, दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. नुसतं सिन्सचं फॉर केलं आणि आर वेटिंग तसंच ठेवलं तरी साहेब परत गोल करतीलच.

दुसरं, टिल फ्रायडे. कारण तेच, एकच 'पर्यंत'. "शुक्रवारपर्यंत सुट्टी आहे" आणि "शुक्रवारपर्यंत माल पाठवा". पहिल्यात सुट्टी रोज चालू आहे, शुक्रवारी संपते. दुसऱ्यात माल रोज पाठवत बसायचा नाही, एकदाच पाठवायचा, फक्त शुक्रवार ओलांडायचा नाही. चालू राहणाऱ्या गोष्टीला टिल किंवा अन्टिल, एकदाच होऊन संपणाऱ्या गोष्टीच्या मुदतीला बाय. यालाही मराठी चाचणी आहे, 'पर्यंत'च्या जागी 'च्या आत' घालून बघा. "शुक्रवारच्या आत माल पाठवा" चालतं, म्हणजे बाय. "शुक्रवारच्या आत सुट्टी आहे" चालत नाही, म्हणजे टिल. ही चूक मला साध्या बोलण्यापेक्षा कामाच्या मेलमध्ये जास्त खटकते कारण इथं अर्थच बदलतो, सेंड इट टिल फ्रायडे म्हणजे शुक्रवारपर्यंत पाठवत राहा. वाचणारा समजून घेतो, पण समजून घेणं हे त्याच्या भल्या मनावर अवलंबून राहतं. बाय फ्रायडे म्हटल्यावर शुक्रवार त्यात साधारणपणे धरतात, तरी पैशाचा किंवा पेनल्टीचा मामला असेल तर टेंडरमध्ये लिहितात तसं ऑन ऑर बिफोर लिहून तारीख टाका, वेळही टाका, मग वादाला जागाच राहत नाही.

नकारार्थी वाक्यात मात्र थोडं सांभाळा. "द मटेरियल डिड नॉट कम अन्टिल फ्रायडे" म्हणजे माल आला, पण शुक्रवार उजाडला तेव्हा. "द मटेरियल हॅड नॉट कम बाय फ्रायडे" म्हणजे शुक्रवार झाला तरी पत्ता नव्हता. परीक्षेत असे प्रश्न काढायला सोपे जातात, म्हणून ही दोन वाक्यं शेजारी लिहून ठेवा.

तिसरं इफेक्ट, आणि इथं कारण वेगळं आहे. लोक म्हणतात अफेक्ट क्रियापद, इफेक्ट नाम, झालं. पण आपला हात इफेक्टकडंच का जातो? कारण मराठीत आपण "परिणाम होतो", "परिणाम करतो" म्हणतो. म्हणजे क्रियापदाच्या आतच नाम बसलेलं आहे. डोक्यात 'परिणाम' हा शब्द आला की त्याचा इंग्रजी अर्थ इफेक्ट, आणि तोच कागदावर उतरतो. हे फक्त या जोडीचं नाही. सल्ला देणे, म्हणून पोरं लिहितात ही ॲडव्हाइस्ड मी आणि स्पेलिंगमध्ये सी घालतात. श्वास घेणे, म्हणून ब्रीद लिहायच्या जागी शेवटचा ई गाळून ब्रेथ. मराठीत जिथं जिथं नाम आणि पुढं करणे, देणे, घेणे, होणे असं आहे तिथं इंग्रजीत बहुतेक वेळा एकच सरळ क्रियापद असतं, आणि तिथंच आपला पाय घसरतो. हे एकदा ओळखलं की अशा पंधरा-वीस जोड्या एका झटक्यात एका खान्यात जातात, सुट्या सुट्या पाठ कराव्या लागत नाहीत.

अफेक्ट-इफेक्टसाठी मी काय सांगतो बघा. ई वाला शब्द तुम्ही नोकरीच्या प्रत्येक ऑर्डरवर बघितलाय, डब्ल्यू ई एफ, म्हणजे विथ इफेक्ट फ्रॉम, अमुक तारखेपासून लागू. बदलीची ऑर्डर असो की पगारवाढीची, हे असतंच. विथ, द, ॲन, नो, एनी असले शब्द आधी आले की ई वाला. आणि विल, मे, कॅन, डिड नॉट यांच्या मागोमाग शब्द हवा असेल तर ए वाला. तुमच्या वाक्यात विल होता, म्हणून अफेक्ट. इंग्रज माणसं हे दोन्ही शब्द बोलताना पहिला स्वर इतका हलका सोडतात की दोन्ही जवळपास सारखेच ऐकू येतात, त्यामुळं ही गडबड त्यांचीही होते, तेव्हा ही आपली मराठी माध्यमाची कमजोरी वगैरे अजिबात समजू नका. उलट आपण देवनागरीत अ आणि इ स्वच्छ वेगळे बोलतो, तेवढं स्पेलिंगला जोडलं तरी काम होतं, अ म्हणजे ए, इ म्हणजे ई.

हो, इफेक्ट क्रियापद म्हणूनही असतं, टु इफेक्ट अ चेंज, म्हणजे बदल घडवून आणणे. त्या हिशोबानं तुमच्या मेलचा अर्थ "माल नाही आला तर आमचं उत्पादन घडून येईल" असा काहीतरी झाला. हा उपयोग कायद्याच्या आणि सरकारी भाषेत दिसतो, तुम्हाला सध्या लिहायची गरज नाही, वाचताना ओळखता आला की बास. आणि मेल लिहिताना अगदीच खात्री नसेल तर नाम वापरूनच वाक्य करा, इट विल हॅव ॲन इफेक्ट ऑन प्रॉडक्शन. मराठी वळणाचं आहे, तरी इंग्रजीत शंभर टक्के बरोबर आहे.

आता तुमच्या मेलबाहेरचं. मराठीमुळं गोंधळ होतो असं सगळे म्हणतात, मी पण वर तेच दाखवलं, पण मराठी मदत पण तेवढीच करते आणि ते कुणी सांगत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. रेझ आणि राइझ घ्या. पोरं वर्षानुवर्षं गोंधळतात. अहो, हे आपलं वाढवणे आणि वाढणे आहे. मोंढ्यात सोयाबीनचा भाव वाढला, द प्राइस रोझ. सरकारनं 2025-26 साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4892 वरून 5328 रुपये केला, म्हणजे वाढवला, द गव्हर्नमेंट रेझ्ड इट. आपोआप वाढलं की राइझ, कुणीतरी वाढवलं की रेझ. झाड पडलं, फॉल. झाड पाडलं, फेल (एफ ई डबल एल, नापासवालं नव्हे), त्याचा भूतकाळ फेल्ड, झाड तोडायच्या परवानगीत फेलिंग शब्द असतो तो हाच. शिकणे लर्न, शिकवणे टीच. मराठीत हा 'व' किंवा 'पा' आपल्याला लहानपणापासून येतो, तो इंग्रजीत नेऊन ठेवायचा एवढंच.

तसंच हिअर आणि लिसन. फोनवर सप्लायरशी बोलताना लोक सर्रास म्हणतात, आय ॲम नॉट लिसनिंग यू. म्हणजे समोरच्याला अर्थ लागतो की मी तुमचं ऐकत नाहीये, लक्षच देत नाहीये! आपल्याला म्हणायचं असतं की ऐकू येत नाहीये. मराठीत 'ऐकू येणे' आणि 'ऐकणे' वेगळं आहे, तेच हिअर आणि लिसन. 'दिसणे' आणि 'बघणे', सी आणि लुक. मराठी वाक्य पूर्ण म्हणा, अर्धवट 'ऐक' एवढाच धातू धरून इंग्रजी करू नका.

लेंड-बॉरोचंही तेच. 'उसने' शब्द एकच, पण आपण उसने देतो किंवा उसने घेतो. देणे असेल तर लेंड, घेणे असेल तर बॉरो. बँक लेंड करते, शेतकरी सोसायटीकडून बॉरो करतो. "कॅन यू बॉरो मी युवर कॅल्क्युलेटर" हे चुकतं कारण वाक्यात 'द्याल का' आहे.

उच्चारामुळं होणाऱ्या गोंधळावर जास्त लिहीत नाही, तिथं विचार करण्यासारखं कमी आणि डोळ्यांना सवय लावण्यासारखं जास्त आहे. फक्त लूझ आणि लूस सांगतो, कारण आपल्या भागात दोन्हीला 'लूज' म्हणतात. नट लूज आहे, कनेक्शन लूज आहे, लूज माल आहे, हे तुम्ही कंपनीत दिवसभर ऐकता, हा डबल ओ वाला, म्हणजे ढिला किंवा सुटा. गमावणे याला एकच ओ. वुई मे लूझ द ऑर्डर लिहिताना डबल ओ पडला की ऑर्डर ढिली होते. क्वाइट-क्वायट, देन-दॅन, डेअरी-डायरी, प्रिन्सिपल म्हणजे मुद्दल की तत्त्व, हे सगळं याच खान्यातलं. मोबाइल किंवा कॉम्प्युटरची लाल रेघ इथं फारशी कामाची नाही, कारण दोन्ही स्पेलिंग डिक्शनरीत असतात, त्याला चूक दिसतच नाही.

एक इशारा मात्र अर्ज लिहिणाऱ्या सगळ्यांना. हार्डचं हार्डली करू नका. आय वर्क हार्ड म्हणजे कष्टानं काम करतो, आय हार्डली वर्क म्हणजे जेमतेमच करतो, जवळजवळ करतच नाही. लोकांना वाटतं एलवाय लावला की वाक्य जास्त शुद्ध होतं. बायोडेटात हे वाक्य मी इतक्या जणांचं बघितलंय की आता अर्ज तपासताना पहिलं तेच शोधतो.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. तुमचे दोन उद्देश आहेत, मेल आणि तलाठी, आणि दोघांसाठी 'बरोबर' म्हणजे नेहमी एकच नसतं. लेस आणि फ्यूअरचं बघा. मोजता येणाऱ्या गोष्टींना फ्यूअर, हा नियम आज पुस्तकांत एकदम कडक लिहिलेला असतो. पण त्याचा सगळ्यात जुना उल्लेख सापडतो तो 1770 मध्ये, रॉबर्ट बेकर नावाच्या माणसानं लिहिलं की इथं मला फ्यूअर जास्त बरं वाटतं. त्याची आवड होती, पुढं नियम झाला. शॅल-विलचा आय बरोबर शॅल हा नियम 1653 मध्ये जॉन वॉलिस यांच्या व्याकरणात आला आणि आज बोलताना-लिहिताना फार थोडे लोक तो पाळतात. मग काय करायचं? परीक्षेत पुस्तकातला नियम, डोळे झाकून. तिथं तुमचं उत्तर आन्सर-कीशी जुळायला पाहिजे, इतिहास सांगत बसायची ती जागा नाही. मेलमध्ये आय विल लिहा, कुणीही गोल करणार नाही.

स्पेलिंगचंही असंच. प्रॅक्टिस आणि लायसन्स, ब्रिटिश पद्धतीत नाम असेल तर सी आणि क्रियापद असेल तर एस, अमेरिकेत प्रॅक्टिसला दोन्हीकडं सी आणि लायसन्सला दोन्हीकडं एस. आपल्याकडं शाळा, परीक्षा, सरकारी कागद ब्रिटिश पद्धतीनं चालतात, पण तुमचा कस्टमर अमेरिकन असेल आणि कंपनीची पद्धत तशी असेल तर तसं लिहा. फक्त एका मेलमध्ये दोन्ही मिसळू नका. ॲडव्हाइस-ॲडव्हाइझला मात्र ही सूट नाही, तिथं दोन्ही देशांत नामाला सी आणि क्रियापदाला एसच.

तलाठीच्या पेपरला 200 पैकी 50 मार्क इंग्रजीचे असतात, पण त्यात व्याकरण, शब्दसंग्रह, उतारा असं सगळं येतं, जोड्या हा त्यातला एक तुकडा. म्हणून दोनशे जोड्यांवर महिना घालवू नका असं मी सांगेन.

पाठ करण्याबद्दल विचारलंत म्हणून शेवटी हे सांगतो, जे मी वर्गात करून घेतो. जोडी जोडीनं पाठ करायची नाही. ऐकायला उलटं वाटेल, पण जवळच्या अर्थाचे नवे शब्द एकत्र पाठ केले की शिकायला जास्त वेळ लागतो हे थॉमस टिंकहॅम यांनी 1993 मध्ये प्रयोग करून दाखवलं आणि नंतर रॉब वेरिंग यांनी 1997 मध्ये जपानी विद्यार्थ्यांवर प्रयोग करून तेच दाखवलंय. माझ्या वर्गात मला रोज तेच दिसतं, पोराला दोन्ही शब्द येतात, दोन्ही अर्थ येतात, फक्त कोणता कुणाचा हे अदलाबदल होतं. कारण दोन्ही एकाच दिवशी, एकाच ओळीत डोक्यात गेलेले असतात. म्हणून जोडीतला एकच शब्द धरा, जो तुमच्या कामात जास्त येतो तो. तुमच्यासाठी बाय. त्याची तुमच्या कामाची चार-पाच वाक्यं करा, काइंडली डिस्पॅच बाय मंडे, प्लीज कन्फर्म बाय फाइव्ह पीएम, असली, आणि पंधरा दिवस तीच वापरा. हात बसला की मग टिल घ्या. पक्का शब्द एक असला की दुसरा आपोआप वेगळा दिसतो. परीक्षेत दोन्ही पर्याय समोरासमोर असतात हे खरं आहे, म्हणून शेवटच्या काही आठवड्यांत जुने पेपर घेऊन जोड्या एकत्र सोडवा, पण सुरुवात तिथून नको.

आणि पीडीएफपेक्षा तुमचा सेंट फोल्डर जास्त कामाचा आहे. आठवड्यातून एकदा आपलेच पाठवलेले मेल वाचा, चुकलेलं वाक्य वहीत पूर्ण उतरवा, खाली बरोबर वाक्य लिहा, आणि बाजूला कारण एका शब्दात, 'पासून', 'पर्यंत', 'नाम', 'उच्चार' असं. थोड्याच दिवसांत दिसेल की दोनशे जोड्यांपैकी तुम्हाला खरंच त्रास देणाऱ्या मोजक्याच आहेत आणि त्याही एक-दोन कारणांच्याच. तुमच्या एका मेलवरून मला तरी वाटतंय की तुमचं स्पेलिंग ठीक आहे, अडचण मराठीतल्या एका शब्दाला इंग्रजीत दोन असतात तिथं आहे. पण एका मेलवरून ठाम सांगणं बरोबर नाही.

तुमचा मेल आता असा जाईल: "वुई हॅव बीन वेटिंग फॉर द मटेरियल फॉर टेन डेज. काइंडली सेंड इट बाय फ्रायडे, अदरवाइज इट विल अफेक्ट अवर प्रॉडक्शन." अजून आठ-दहा मेलमधली गोल पडलेली वाक्यं असतील तर पाठवा, कंपनीचं आणि सप्लायरचं नाव काढून. नुसती जोडी नका लिहू, पूर्ण वाक्य आणि ते लिहिताना मनात मराठीत काय होतं तेही लिहा, त्याशिवाय चूक कुठून आली ते मला सांगता येणार नाही.